आधी धडा, मग माप

लहानपणी घरातले तेल संपले की मला किटली देऊन वाण्याकडे पाठवत. तेल सुटे मिळे. वाणी किटली तराजूच्या एका पारड्यात ठेवायचा. दुसऱ्या पारड्यात हाताशी असलेली छोटी वजने, कधी एखादा दगडाचा तुकडा टाकायचा, आणि काटा मधोमध आला की मगच किलोचे वजन उचलायचा. याला ‘धडा करणे’ म्हणत. रिकाम्या किटलीचे वजन आधी बाजूला काढायचे, तेल नंतर. निघताना आई बजावायची, “धडा केल्याशिवाय तेल ओतू देऊ नकोस हं.” वाण्यावर तिचा अविश्वास नव्हता. भांड्याचे वजन तेलाच्या भावाने घ्यायचे नाही, एवढाच तिचा हिशेब होता.

आज ओट्यावरच्या डिजिटल काट्याला एक बटण असते. भांडे ठेवून ते दाबले की आकडा शून्यावर येतो. त्यावर ‘टेअर’ असे लिहिलेले असले तरी तो आपला धडाच आहे. जेवणातले उष्मांक मोजायला नव्याने बसलेल्या माणसासाठी ही पुस्तिका लिहिली आहे, आणि तिच्यातले जवळजवळ सगळे सांगणे त्या जुन्या रीतीत मावते. जे अन्न नाही ते आधी बाजूला काढावे, मग अन्न मोजावे. भांडे बाजूला काढायचे, शिजताना शिरलेले पाणी बाजूला काढायचे, साल, कोय आणि काटे बाजूला काढायचे, घरातल्या इतरांचा वाटा बाजूला काढायचा. आणि आणखी एक गोष्ट बाजूला काढायची आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन.

मी या विषयाकडे वळले ती माझ्याच वहीमुळे. काही वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी सहा-सात किलो वजन उतरवायला सांगितले. मी वही घातली. सकाळी पोहे एक वाटी, दुपारी दोन पोळ्या, भाजी एक वाटी, वरण एक वाटी, भात अर्धी वाटी. फोनमधले ॲप बेरीज करून तेराशे-चौदाशे उष्मांक दाखवी. एकवीस दिवस मी एकही घास लपवला नाही, आणि एकवीस दिवसांनी वजन होते तिथेच होते. आपल्या शरीरातच काहीतरी बिघडले आहे, अशी माझी खात्री होत चालली होती.

माझी एक आहारतज्ज्ञ मैत्रीण एका सकाळी घरी आली आणि मी फोडणी करताना शेजारी उभी राहिली. तेलाची बरणी तिने काट्यावर ठेवली, धडा केला आणि म्हणाली, “आता नेहमीसारखं तेल घाल.” मी बरणी उचलली, कढईत तेल ओतले, बरणी परत ठेवली. काट्यावर उणे १४ ग्रॅम. वहीत मी त्याला रोज ‘तेल १ चमचा’ म्हणत होते. चहाच्या चमचाभर तेलाचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास भरते. माझ्या एका चमच्यात तीन चमचे होते. मग तिने माझी रोजची वाटी पाण्याने भरून मोजली. २१० मिलिलिटर. ॲपने ‘एक वाटी’ म्हणून १५० धरली होती. मी खोटे काहीच लिहिले नव्हते. माझ्या शब्दांना माप नव्हते.

ही गत फार जणांची होते. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपण दिवसाला १२०० उष्मांकांहून कमी खातो, तरी वजन उतरत नाही, असे सांगणारी माणसे त्यांनी निवडली. शरीराने प्रत्यक्षात किती ऊर्जा वापरली, हे खास समस्थानिके असलेले पाणी पाजून तपासले. त्यांचा चयापचय व्यवस्थित होता. त्यांनी नोंदलेले खाणे मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाले. निम्मे जेवण नोंदीबाहेर राहिले होते. हे वाचले तेव्हा माझ्या छातीवरचे ओझे उतरले. माझे शरीर बिघडलेले नव्हते. नोंदीची रीत चुकत होती, आणि रीत शिकता येते.

मोजायचे काय, हे आधी समजून घेऊ. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जितकी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. अन्नाच्या बाबतीत आपण जिला नुसते कॅलरी किंवा उष्मांक म्हणतो ती हीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह माणूस आत राहू शकेल अशी बंद खोली बांधली. आतल्या माणसाने काय खाल्ले आणि त्याच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडली, याचा ताळेबंद तिथे मांडला गेला. पिष्ट पदार्थ आणि प्रथिने ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थ ग्रॅमला ९, हे आजच्या प्रत्येक पाकिटावरच्या तक्त्यामागचे आकडे ॲटवॉटरच्या कामातून आले. १९१८ साली लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी लिहिलेले पुस्तक अमेरिकेत खूप खपले आणि उष्मांक मोजणे प्रयोगशाळेतून घरात आले.

आपल्याकडची कथा कुन्नूरला सुरू होते. निलगिरीतल्या त्या गावी रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली सुरू केलेल्या संशोधनातून पुढे पोषणाची प्रयोगशाळा उभी राहिली. तिथून १९३७ साली डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि पुढे तिचे नाव राष्ट्रीय पोषण संस्था झाले. १९७१ साली सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे तक्ते आले. आहारशास्त्र शिकणाऱ्या कितीतरी पिढ्या त्यांवर वाढल्या. २०१७ मध्ये देशभरातले नमुने नव्याने तपासून ५२८ अन्नपदार्थांचे नवे तक्ते निघाले. ज्वारी, नाचणी, मटकी, हरभऱ्याची पाने, बोंबील यांची मूल्ये आपल्याच मातीतून घेतलेल्या नमुन्यांवरून आपल्याला मिळतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

याच तक्त्यांतून एक शहाणपणही घ्यावे. जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम शेंगदाण्यांचे उष्मांक ५६७ आहेत, नव्यात ५२० च्या आसपास. दाणे तेच, आकडे दोन, कारण तपासण्याची आणि तंतूंचा हिशेब करण्याची रीत बदलली. तेव्हा एकक स्थानच्या आकड्यासाठी जीव टाकू नये. तक्त्यात पाच-दहा टक्क्यांचा फरक राहणारच. आपल्या हातून होणारी चूक मात्र दुपटी-तिपटीची असते. या पुस्तिकेचे सारे लक्ष तिच्याकडे आहे.

मोजण्याची आपल्याला सवय नाही, असे मात्र मुळीच नाही. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ ही हाताचीच मापे. धान्यासाठी चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि पायलीही गावागणिक लहानमोठी. १९५८ पासून देशात मेट्रिक वजने येऊ लागली, १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली, आणि बाजारातून शेर-छटाक गेले. स्वयंपाकघरात मात्र वाटी राहिली. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या प्रमाणावर नवख्या हातांना स्वयंपाक शिकवला, आणि ते योग्यच होते. एक वाटी डाळीला तीन वाट्या पाणी, हे प्रमाण आहे. वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहते आणि पदार्थ जमतो.

उष्मांकांच्या वहीला प्रमाण पुरत नाही, तिला परिमाण लागते. वाटी कोणती, हा प्रश्न तिथे उभा राहतो. माझ्या घरात एकाच मांडणीवर १०० मिलिलिटरपासून २२० मिलिलिटरपर्यंतच्या वाट्या निघाल्या. शिवाय सपाट वाटी आणि शीग लावलेली वाटी यांत फरक. चाळून हलक्या हाताने भरलेली कणीक आणि दाबून भरलेली कणीक यांत पाव हिश्श्याचा फरक सहज पडतो. वाटीभर पोहे आणि वाटीभर दाण्याचे कूट यांचे वजन तर एकमेकांच्या जवळपासही नाही. म्हणून नवख्याने सुरुवातीला घन पदार्थ वजनावरच मोजावेत. वाटी टाकून द्यायची नाही. तिला तिचा आकडा द्यायचा आहे.

काटा साधा असला तरी चालतो. पाच किलोपर्यंत वजन घेणारा आणि एक-एक ग्रॅम दाखवणारा असावा. तो सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवावा. अधूनमधून न फोडलेली एक किलो मिठाची पिशवी त्यावर ठेवून पाहावी. पिशवीच्या वजनासकट आकडा किलोच्या किंचित वर यायला हवा. दोन-तीन ग्रॅमइतक्या लहान वजनाला असा काटा विश्वासाचा नसतो, म्हणून तेल, तूप, साखर, कूट यांना वजाबाकीची रीत वापरावी. बरणीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचे, हवे तेवढे काढून घ्यायचे, मग उणे आलेला आकडा लिहायचा. चमचाही खरकटा होत नाही आणि चमच्याला चिकटलेले तूपही हिशेबात नीट बसते.

भांड्यानंतरचा धडा पाण्याचा. नवखा माणूस सगळ्यात जास्त चुकतो तो इथे. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० उष्मांक असतात. शिजून त्याचा २५० ते ३०० ग्रॅम भात होतो. वजन जवळजवळ तिप्पट झाले, उष्मांक तेवढेच राहिले, कारण वाढले ते पाणी. आता ताटातला १५० ग्रॅम भात मोजून कुणी वहीत ‘तांदूळ १५० ग्रॅम’ लिहिले, तर १९० च्या जागी ५२५ उष्मांक पडतात. उलट, ५० ग्रॅम कच्चे पोहे घेऊन ‘शिजलेले पोहे ५० ग्रॅम’ असे लिहिले, तर हिशेब तसाच खाली घसरतो. भिजवलेली मटकी, मोड आलेले मूग, कुकरमधून काढलेली डाळ, सगळ्यांची हीच गोष्ट. नियम एकच धरावा. ज्या अवस्थेत मोजले त्याच अवस्थेचा आकडा लावावा. घरच्या जेवणात कच्चे मोजणे सगळ्यात खात्रीचे, कारण पाणी कमी-जास्त झाले तरी कच्च्या डाळीचे वजन बदलत नाही. वरण पातळ केले म्हणून पातेल्यातले उष्मांक कमी होत नाहीत, वाटीतले होतात.

इथून तिसऱ्या धड्याकडे यावे लागते, आणि आपल्या घरांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा. परदेशी पुस्तके एका माणसाच्या एका ताटाचा विचार करतात. आपल्याकडे उसळ एका पातेल्यात शिजते आणि पाच जणांत वाढली जाते. माझे जेवण मी वेगळे शिजवणार नाही, आणि तसे करावे असे मला कुणाला सांगायचेही नाही. मग पातेल्यातला माझा वाटा काढायचा कसा?

याचे उत्तर आपल्या देशातल्या आहार पाहण्या करणाऱ्यांनी फार पूर्वी काढून ठेवले आहे. १९७२ साली राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरो स्थापन झाला. त्याचे पाहणी करणारे लोक खेड्यापाड्यांतल्या घरी प्रमाणित मापांच्या वाट्यांचा संच घेऊन जात. काल घरात किती कच्चे धान्य शिजवले, शिजून एकूण किती झाले, आणि त्यातले या माणसाने किती खाल्ले, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारून वाट्यांनी नोंदत. मग साधे त्रैराशिक. ते आपणही घरी करू शकतो, वाट्यांच्या जागी काटा घेऊन.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. मटकीची उसळ. कोरडी मटकी १५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ४९५ उष्मांक. तेल २७ ग्रॅम, २४३ उष्मांक. ओले खोबरे ३० ग्रॅम, साधारण १२५. कांदा १०० ग्रॅम, ५०. मसाल्यांचे सोडून दिले तरी चालेल. एकूण सुमारे ९१५. उसळ झाल्यावर पातेल्यासकट वजन १३६० ग्रॅम, रिकामे पातेले ६४० ग्रॅम, म्हणजे उसळ ७२० ग्रॅम. माझ्या वाटीत १८० ग्रॅम आली, म्हणजे चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे २३० उष्मांक. इतर चौघांनी किती खाल्ले, हे विचारायची गरजच पडली नाही. याच उदाहरणात तेलाकडे नीट पाहा. पातेल्यात घातलेल्या सामानाच्या वजनात तेल अकराव्या हिश्श्याइतके आहे, उष्मांकांत ते चौथ्या हिश्श्याहून जास्त आहे.

रोज पातेले रिकामे करून त्याचे वजन कोण करणार? एकदाच करायचे. आपल्याकडे भांड्यांवर नावे कोरलेली असतात, कुणी दिले, कधी दिले. मी माझ्या नेहमीच्या सहा पातेल्यांचे आणि दोन कढयांचे वजन करून फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक भांड्याचा धडा कायमचा झाला आहे.

सगळेच सारख्या काळजीने मोजावे का? अजिबात नाही. काकडीच्या १०० ग्रॅममध्ये पंधरा-वीस उष्मांक असतात. तिथे ५० ग्रॅमची चूक झाली तरी दहाचाच फरक. शेंगदाण्यात तेवढीच चूक अडीचशेच्या वर जाते. म्हणून पालेभाज्या, काकडी, टोमॅटो, दुधी यांच्याशी काटेकोर होण्यात शक्ती घालवू नये. काटेकोर व्हावे ते तेल, तूप, दाण्याचे कूट, सुके खोबरे, साखर-गूळ, आणि धान्य-डाळी यांच्याबाबत. मराठी स्वयंपाकात कूट आणि खोबरे हे चवीचे म्हणून पडतात, मुठीने पडतात आणि वहीत कधीच पोहोचत नाहीत. उपासाच्या एका बशीचा हिशेब करून पाहा. साबुदाणा ६० ग्रॅम, कूट २५ ग्रॅम, तूप १० ग्रॅम. बटाटा धरायच्या आधीच आकडा सव्वाचारशेच्या पुढे गेलेला असतो. खिचडी वाईट नाही. तिला फराळ न म्हणता पूर्ण जेवण म्हणून लिहावे, एवढेच. चहाचेही तसेच. दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम, चाळीस उष्मांक. दिवसातून चार कप झाले तर नुसत्या साखरेचे एकशे साठ, दूध वेगळे.

तेलाची आणखी एक पडताळणी मला फार उपयोगी पडली. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहावी. एक लिटर तेलाचे वजन ९१० ग्रॅमच्या आसपास असते. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर संपत असेल, तर माणशी रोज सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे दोनशेच्या वर उष्मांक झाले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सुचवले आहे. वहीत रोज दहा ग्रॅम दिसत असेल आणि पिशवी तेवीस सांगत असेल, तर पिशवीवर विश्वास ठेवावा. तळणाचे टाकून दिलेले तेल तेवढे त्यातून वजा करावे.

पोळीचा हिशेब सोपा आहे, आणि तो घराघरांत वेगळा आहे. ५०० ग्रॅम कणकेच्या २० पोळ्या झाल्या तर एका पोळीत २५ ग्रॅम कणीक, ८५ च्या आसपास उष्मांक. १६ झाल्या तर शंभराच्या वर. वरून लावलेले तेल-तूप अर्धा चमचा असले तरी आणखी वीस. भाकरी एकच खाल्ली, असे आपण सहज म्हणतो. पण ज्वारीच्या एका भाकरीला ६० ते ८० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे एक भाकरी दोन ते तीन पोळ्यांच्या तोडीची. भाकरी उत्तमच आहे, तिचे पोटभर असणेही खरे आहे. वहीत मात्र एका भाकरीला एका पोळीचा आकडा देऊ नये. पिठाचे उंडे चार दिवस काट्यावर ठेवा, पाचव्या दिवशी हात आपोआप सारखे उंडे करू लागतो.

फळे आणि मासळी यांच्यात धडा जेवणानंतर करायचा. तक्त्यांतले आकडे खाण्याजोग्या भागाचे असतात. आंबा अख्खा मोजावा, खाऊन झाल्यावर साल आणि कोय मोजावी, फरक लिहावा. बांगड्याचे काटे, कोंबडीची हाडे, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, यांनाही हाच नियम.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल की आता आयुष्यभर काट्याला बांधून घ्यायचे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. मोजणे हे थांबवण्यासाठीच शिकायचे असते. तबलजी सुरुवातीला मात्रा मोजतो, पुढे त्या त्याच्या हातात उतरतात. पहिले चार-सहा आठवडे घरचे नेहमीचे दहा-बारा पदार्थ मोजावेत. मोजण्याआधी दर वेळी मनाशी अंदाज बोलावा, “हा भात एकशे वीस ग्रॅम असेल”, आणि मग आकडा पाहावा. या सवयीने डोळा जितक्या लवकर तयार होतो तितका नुसते आकडे लिहून होत नाही. मग काटा आठवड्यातून एखाद्या दिवशी पुरे, हात भरकटला नाही ना, एवढे पाहायला. लग्नाच्या पंगतीत, खानावळीत, बहिणीच्या घरी हा तयार झालेला डोळाच कामी येतो. तिथे काटा काढू नये. तिथे जेवावे, वाढणाऱ्याचा मान राखावा, आणि रात्री जमेल तसा अंदाज लिहावा. आई-आजींचा ‘हाताचा अंदाज’ आपण वाखाणतो तो असाच तयार झालेला असतो. माझ्या आजीच्या तांदळाच्या डब्यात एक पितळी वाटी कायम असे, आणि ती बाहेर काढायची कुणाला परवानगी नव्हती. माणशी किती वाट्या, हे तिचे ठरलेले होते. अंदाजाच्या मुळाशी तिचेही एक न बदलणारे माप होतेच.

स्वयंपाक करणाऱ्या बायकांसाठी दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. चव बघताना खाल्लेले, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी ‘टाकवत नाही’ म्हणून खाल्लेली, पातेल्याच्या बुडाशी राहिलेले दोन घास, हे सगळे उभ्या-उभ्या खाल्ले जाते, म्हणून जेवण म्हणून आठवतही नाही. ते नोंदवा. स्वतःला दोष देण्यासाठी नाही. घरातले उरलेले संपवणे ही आपण एकट्या बाईची जबाबदारी करून ठेवली आहे, हे त्या नोंदीत घराला दिसावे म्हणून. उरलेले कुणी किती खायचे, हा प्रश्न मग घरात बोलला जाऊ शकतो.

ही रीत सर्वांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगते. वाढत्या वयाची मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांनी वजन उतरवण्यासाठी उष्मांक मोजू नयेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी खाण्यात बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. आणि ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीच्या मानसिक आजाराने ग्रासले होते, किंवा आकडा पाहून ज्यांना घास गिळवत नाही, जेवणाची भीती वाटू लागते, त्यांनी हा काटा घरात आणूच नये. मदत मागावी, लगेच मागावी. अन्न मोजायचे ते नीट जेवता यावे म्हणून. मोजण्याने जेवणच सुटत असेल, तर मोजणे सोडावे.

सुरुवातीला मी एक गोष्ट शेवटासाठी राखून ठेवली होती. भांडे, पाणी, साल, इतरांचा वाटा यांच्या आधी बाजूला काढायची असते ती लाज. माझी पहिली वही तीन आठवडे खोटी ठरली, ती तेलामुळे आणि वाटीमुळे. पण त्यापुढेही कित्येक महिने मी जास्त झालेला लाडू थोडा लहान करून लिहीत असे, जणू ती वही कुणी तपासणार होते. तिथे काटा चुकत नव्हता. पारड्यात अन्नाबरोबर माझी लाज बसली होती, आणि तिचे वजन अन्नाच्या भावाने मोजले जात होते. ज्या दिवशी मी ‘बेसनाचे लाडू २, वजन ९४ ग्रॅम’ असे सरळ लिहिले, त्या दिवसापासून ती वही मला उपयोगी पडू लागली. आकडा म्हणजे निकाल नव्हे. काल काय झाले ते तो सांगतो, उद्याचे आपण ठरवतो.

पुढची प्रकरणे घरातल्या क्रमाने लावली आहेत. आधी काटा आणि भांडी, मग धान्य-डाळी, पोळी-भाकरी, पातळ भाज्या आणि उसळी, तेल-तूप-कूट, दूध-चहा, फळे, मासळी-मटण, सणावारांचे पदार्थ, आणि शेवटी घराबाहेरचे जेवण. प्रत्येक ठिकाणी हिशेब पूर्ण करून दाखवला आहे, म्हणजे आपल्या घरचे आकडे घालून तो पुन्हा करता येईल. माझे आकडे उतरवून घेऊ नका. तुमच्या पोळीचे वजन तुमच्याच परातीत आहे.

ज्या मैत्रिणीने त्या सकाळी तेलाची बरणी काट्यावर ठेवली, तिचे ऋण मोठे आहे. तिने मला एकदाही ‘कमी खा’ म्हटले नाही, ‘आधी बघू तरी’ म्हटले. माझ्या घरच्यांनी गरम जेवण समोर असताना पातेल्याचे वजन होईपर्यंत वाट पाहिली, त्यांचेही.

पुस्तिका उघडण्याआधी एक काम करा. रोज ज्या वाटीत तुम्ही वरण घेता ती वाटी काट्यावर ठेवा. धडा करा. काठापर्यंत पाणी भरा. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे जो आकडा येईल तेच तुमच्या वाटीचे माप. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्या दिवसापासून ‘एक वाटी’ म्हणाल तेव्हा तुमच्या शब्दाला वजन असेल.

पुणे,
अक्षय्य तृतीया